पिशवी चोरणारी सलोमीबाई

फार वर्षांपूर्वी, आपल्या घाटाला अजून रस्ता फुटला नव्हता, तेव्हा खडकमाळात एक डॉक्टरीण आली. नाव सलोमीबाई हिवाळे. नगरकडची ख्रिस्ती बाई, एकटी, कपाळाला कुंकू नाही, हातात बांगडी नाही. ओढ्यापलीकडच्या कौलारू घरात तिनं दवाखाना मांडला. सोबतीला मार्था नावाची एक नर्स.

गावाला पहिल्या दिवसापासून तिचा संशय. रोज सकाळी ती चुलीवर पितळी डबा चढवी आणि त्यात कात्र्या-चिमटे उकळी. पाण्याला जाणाऱ्या बायका कुजबुजत, "लोखंड शिजवतीया. कुनासाठी गं?" असं म्हणतात, की त्या घरावरून कावळासुद्धा उडत नसे. मग आजारी माणूस कुठला जातोय!

त्याच साली ठकूबाईची सून गजरा बाळंत झाली. ठकूबाई म्हणजे तिखट बाई. ती बोलायला लागली की चावडी गप्प. उजाडता उजाडता मुलगी झाली, पाठोपाठ वार पडली, पण रक्त काही थांबेना. येसू सुईणीनं पोट चोळलं, बाळाला अंगावर लावलं, देवाला साकडं घातलं. असं म्हणतात, की ते रक्त उंबरा ओलांडून अंगणात आलं आणि दारची पांढरी जास्वंद तांबडी झाली.

शेवटी येसूनं हात जोडले. "ठकूबाई, आता माझ्या हाती काही राहिलं न्हाई. ओढ्यापल्याड न्या."

"त्या लोखंड शिजवनारीकडं?"

गजराचा नवरा रंभाजी पुढं झाला. तो बाज उचलायला वाकला.

सलोमीबाईनं सुई टोचली, पोटावरून चोळलं, आत मूठ घालून गर्भाची पिशवी दाबून धरली. बाळ झालं की पिशवीनं आवळून घट्ट व्हायचं असतं. गजराची पिशवी सैल कणकेसारखी पडून होती. बाई बाहेर आली ती कोपरापर्यंत लाल.

"पिशवी काढावी लागेल," ती रंभाजीला म्हणाली. "काढली तर पुन्हा मूल होणार नाही. ठेवली तर ही जाईल."

रंभाजीनं आईकडं पाहिलं. ठकूबाई डॉक्टरणीसमोर जाऊन उभी राहिली.

"आन् काढलेली पिशवी घिऊन तू काय करनार?"

सलोमीबाई रागावली नाही. "संशय येतोय ना? मग आत चला. डोळ्यांनी बघा. पण आधी हात धुवा."

आत गजरा पांढरीफटक पडली होती. तिनं डोळे उघडले आणि एवढंच म्हणाली, "काढा. मला पोरीला पाजायचंय."

सलोमीबाईनं ठकूबाईची मूठ धरली आणि गजराच्या बेंबीच्या वर रोवली. "इथं मोठी शीर आहे. सगळं अंग टाकून दाबा. मी हात धुऊन येईस्तोवर सोडू नका."

ठकूबाईनं दाबलं. मुठीखाली सुनेचा जीव धडधडताना तिला लागत होता. घरात आल्या दिवसापासून जिला कामचोर म्हटलं, तिला ती आता म्हणत होती, "जाऊ नगं गं माझे बाई, जाऊ नगं."

मग मार्थानं गुंगीचं औषध दिलं आणि बाईनं पोट उघडलं. असं म्हणतात, की तेव्हा सूर्य डोक्यावर आला आणि शेवटचा टाका पडेपर्यंत तिथंच उभा राहिला. रानात गुरांच्या सावल्या हलल्या नाहीत. आणि ठकूबाईची मूठ अशी वळली होती, की संध्याकाळी कोमट तेल चोळून एकेक बोट सोडवावं लागलं.

सलोमीबाईनं पिशवी पांढऱ्या फडक्यात बांधून तिच्या हाती दिली. "तुमच्या घरातलं आहे. तुम्हीच पुरा."

गजरा वाचली. पण गावाचा संशय वाचलेल्या बाईनं मिटतो थोडाच! पुढं पाऊस रुसला, विहिरी आटल्या. लोक म्हणाले, बाईनं पिशवी डब्यात ठेवलीय, गावाची कूस बांधलीय. एके दिवशी सगळे ओढा ओलांडून गेले. पुढं पाटील.

दवाखान्याच्या दारात ठकूबाई बसली होती.

"डबा उघडा म्हनावं," पाटील म्हणाला.

"डब्यात कात्र्या हायेत. पिशवी मी पुरली, माझ्या हातानं."

"कुठं? जागा दाखव."

"का? उकरून बघनार? माझ्या सुनेच्या पोटातलं हाय त्ये. गावाला बघाया न्हाई."

पाटील खाकरला आणि वळला. सगळ्यांनाच ते पटलं असं नाही. काही घरं मरेपर्यंत म्हणत राहिली, की म्हातारीलाच भूल घातलीय.

सलोमीबाई पुढं बरीच वर्षं राहिली. मग एका उन्हाळ्यात घाट उतरून गेली ती आलीच नाही. कुणी म्हणतं नगरला वारली, कुणी म्हणतं अजून घाटात कुठं बाई अडली की पांढऱ्या लुगड्यातली कुणीतरी बाजेच्या पुढं चालते. खरं-खोटं तो घाट जाणे.

पण एक मात्र तुम्ही आजही बघाल. दुसऱ्या गावी बाळ झालं की विचारतात, मुलगा का मुलगी? खडकमाळात तसं विचारत नाहीत. दवाखान्याचं दार उघडलं की सासू पुढं होते, सलोमीबाईचं नाव घेते आणि विचारते, "रक्त थांबलं का?"

हो म्हटल्याशिवाय कुणी साखर वाटत नाही.