अमोसची चूल

गवतात ही काळी पडलेली दगडी चूल दिसते ना, तेवढीच काय ती इंग्लंडमधल्या आमच्या हॅझलकोमची शान. लग्न होऊन मी या खेड्यात आले आणि इथलीच झाले. पाहुणे आले की त्यांना आधी इथेच आणते.

एके काळी हे एवढंसं खेडं स्वतःचे दोन खासदार लंडनला पाठवत असे. मत द्यायचा हक्क कुणाला, तर ज्याची चूल वेगळी त्याला. निवडणुकीच्या सकाळी प्रत्येकाने या मैदानात आपली चूल पेटवायची. फेरीवर आलेल्या अधिकाऱ्याला हंडी उकळताना दिसली की मत पक्कं.

टोबायस फेन आणि त्याचा धाकटा भाऊ अमोस एकत्र राहत, म्हणून मत थोरल्याचं. उमेदवार हॅट काढत तीही टोबायसपुढेच. मग अमोसने लग्न करून वेगळी चूल मांडली आणि त्या वर्षी उमेदवार आधी त्याच्या दारात गेला. टोबायसच्या पोटात दुखू लागलं, जेवण जाईना. हसू नका, असे थोरले तुमच्याकडेही असतील.

मतदानाच्या सकाळी अमोस सरपण आणायला गेला, तेवढ्यात टोबायसने त्याच्या चुलीवर बादली ओतली, असं सांगतात. एवढ्यावर भागलं असतं. पण अमोस परत येऊन ओली लाकडं फुंकत बसला आणि ती पेटतात की काय हे बघत टोबायस तिथून हलेना. तिकडे त्याची स्वतःची चूल विझली. अधिकारी आला आणि दोन्ही हंड्या गार बघून पुढे गेला.

"दादा, माझं बुडवलंस ते बुडवलंस," अमोस म्हणाला, "निदान तुझं तरी राखायचंस." बायकोला घेऊन त्याच दिवशी तो गाव सोडून गेला.

पुढच्या प्रत्येक निवडणुकीला टोबायस म्हणे अमोसचीच चूल पेटवून वाट बघायचा, स्वतःची पेटवायचाच नाही. अमोस काही आला नाही. माणसं फार थोडी म्हणून पार्लमेंटने शेवटी इथला मतदारसंघच मोडून टाकला, तरी म्हातारा चूल पेटवत राहिला. येणारे-जाणारे अमोसची चौकशी करत. त्यावर तो खेकसायचा, "तो होता तेव्हाही सगळे त्यालाच विचारायचे."

ते मतदान जूनमध्ये झालं होतं; आजही त्या दिवशी गाव या चुलीवर सूप चढवतं आणि पहिला वाडगा अमोससाठी काढून ठेवतं. टोबायससाठी का नाही, असं मी एकदा शेजारच्या म्हाताऱ्या एडिथला विचारलं.

"त्याला वाढून काय उपयोग?" ती म्हणाली. "अमोसच्या वाडग्यात किती आहे हे बघता बघता त्याचं गार होईल."