टाळूवरचा हात

एकदा एका वृद्ध त्वचारोगतज्ज्ञांकडे भांड्यांचा एक व्यापारी आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला. वय पंचेचाळिशीचे. पुरुषाचे टक्कल हा आपल्याकडे विनोदाचा हक्काचा विषय. ‘श्रीमंतीचे लक्षण’ म्हणून चारचौघे हसतात आणि ज्याचे केस गेले, तोही बिचारा त्यांच्याबरोबर हसतो. मीही अशा हसण्यात अनेकदा सामील झालो आहे. ही हकिगत कळल्यापासून मात्र त्याची लाज वाटते.

डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत होता. हुशार, नव्या औषधांचे वाचन अगदी ताजे. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात गुंतले होते, म्हणून व्यापाऱ्याला त्यानेच तपासले. टोपी काढल्यावर दिसले ते नेहमीचेच: कपाळ मागे सरकलेले, टाळू उघडी पडलेली, कानांभोवती तेवढी झालर. वडिलांचेही असेच होते, असे व्यापारी म्हणाला.

“या एकाच बाटलीत दोन औषधे आहेत,” शिष्य उत्साहाने सांगू लागला. “एक केसांच्या मुळांना जागे करते, दुसरे त्यांना सुकू देत नाही. एकेकटे लावण्यापेक्षा दोन्ही मिळून गुण चांगला येतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ओल्या टाळूला घरात कोणाचा हात लागू द्यायचा नाही. आणि सहा महिने धीर धरायचा.”

“सहा महिने?” व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “लवकर नाही का होणार? आईला दाखवायचंय हो.”

शिष्याने ते ऐकले आणि सोडून दिले. समोरचा माणूस काय बोलतो आहे, यापेक्षा कागदावर काय लिहायचे आहे, यातच त्याचे चित्त होते.

चार महिन्यांनी व्यापारी पुन्हा आला. टाळूवर बारीक लव उगवली होती. शिष्याला कोण आनंद झाला! पण कातडी लालबुंद झाली होती, जागोजागी खपल्या धरल्या होत्या. विचारले तेव्हा कळले, की गृहस्थ दिवसातून पाच-पाच वेळा औषध लावतात.

“शेठ, उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!” शिष्य हसत म्हणाला. “दोनदा सांगितलं होतं ना? पाचदा लावून केस पाचपट वेगानं येत नाहीत.”

व्यापारी हसला नाही. त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरून वृद्ध डॉक्टर उठले आणि त्याच्याजवळ येऊन बसले.

“घाई कशाची आहे?” त्यांनी विचारले.

“आई ब्याऐंशीची आहे,” व्यापारी म्हणाला. “दोन वर्षांपासून तिला काही आठवत नाही. माझे केस गेले आणि मी हुबेहूब आबांसारखा दिसायला लागलो. ती मला आबाच समजते. मला ‘अहो’ म्हणते. सख्ख्या आईच्या तोंडून ‘अहो’, डॉक्टर! कानात कोणी तापलेलं शिसं ओतल्यासारखं होतं. मी रोज सांगतो, आई, मी दिगू. आबा जाऊन बारा वर्षं झाली. मग ती कपाळावर हात मारून घेते, ओक्साबोक्शी रडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लहानपणी माझे केस दाट होते, कुरळे. ते परत आले की ओळखेल ती. एकदा ‘दिगू’ म्हणाली, की मला दुसरं काही नको. तिला बघणारे डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत.”

“डोक्यावरून हात फिरवते का?”

“फिरवायला बघते. मीच बाजूला होतो. औषध ओलं असतं ना सारखं.”

वृद्ध डॉक्टरांनी ती बाटली उचलली आणि खणात ठेवून दिली. मग बेसिनजवळ, हातांना लावायला ठेवलेले खोबरेल होते, ते आणून त्यांनी व्यापाऱ्याच्या हातात दिले.

“औषध बंद. हे आईच्या हाती द्या आणि तिच्या पुढ्यात बसा. आणि ती ‘अहो’ म्हणाली, तर ओ द्या.”

शिष्य पाहतच राहिला. तेलाने केस उगवत नाहीत, हे याच डॉक्टरांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवले होते. तेल मागणाऱ्या रुग्णांवर ते चिडत असत. व्यापारी गेल्यावर त्याला राहवले नाही.

“सर, औषध सोडलं की आलेली लवही गळून जाईल. चार महिन्यांचे श्रम वाया जातील.”

“जातील,” डॉक्टर म्हणाले. “तू औषध चुकीचे दिले नाहीस, प्रमाणही बरोबर सांगितलेस. पण त्या माउलीपाशी सहा महिने आहेत का, हे विचारले नाहीस. आणि केस आले असते, तरी तिने ओळखलेच असते कशावरून? तिच्या मनातला दिगू कदाचित दहा वर्षांचा असेल. याला ते वय कोणत्या बाटलीतून देणार आहेस? आपल्याला आईने ओळखावे, म्हणून हा तिला रोज नवरा गेल्याची बातमी देतो. बाई एकदा विधवा होते रे. ही रोज होते आहे. निदान तेवढे आजपासून थांबेल, आणि त्याला औषध लागत नाही.”

पाच आठवड्यांनी व्यापारी आला, तेव्हा त्याचे डोके गुळगुळीत केलेले होते. कोणाला काही विचारावे लागले नाही.

“दहाव्याला केस उतरवले,” तो म्हणाला. “आली होती तेवढी लवही गेली.”

“ओळखलं का त्यांनी?” शिष्याच्या तोंडून निघून गेले.

“नाही. शेवटपर्यंत नाही.” व्यापारी म्हणाला. “पहिल्या दिवशी ओ द्यायला जीभ उचलेना. तरी दिली. ती इतकी खूश झाली! तेल घेऊन बसली आणि टाळू चोळता चोळता म्हणाली, ‘अहो, दिगूवर रागावू नका हं. हल्ली येत नाही तो, पण मनानं वाईट नाही. दुकानात दमतो. भूक लागली तरी सांगणार नाही, पहिल्यापासून तसाच आहे. मी नसताना आला, तर त्याला आधी जेवायला वाढायला सांगा.’ रोज हेच. मी तिच्यासमोर बसलेला, आणि ती माझ्यापाशीच माझी रदबदली करत होती.”

“मग तुम्ही काय म्हणायचात?” डॉक्टरांनी विचारले.

“म्हणायचो, नाही रागावत. मग तिला झोप लागायची.”

एवढे बोलून तो मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. वृद्ध डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. खूप वेळाने शिष्य चाचरत म्हणाला, “औषध पुन्हा सुरू करायचं असेल तर... अजूनही गुण येईल.”

व्यापाऱ्याने डोळे पुसले. “बघू पुढं. आत्ता आरशात पाहिलं, की आबा दिसतात. आई ज्यांना बघून एवढी खूश व्हायची, ते तोंड आहे हे. राहू दे थोडे दिवस.”

शिष्य त्याला पायऱ्यांपर्यंत पोचवायला गेला आणि तो दिसेनासा झाला तरी तिथेच उभा राहिला.

ज्यांच्या घरी असे विसरत चाललेले माणूस आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: ते ज्या नावाने हाक मारील, त्या नावाला ओ द्यावी.