मोटार मोडून केलेली ट्रॉली

“मोटार मोडताना हात नाही थरथरला तुझा?” काशीगीर बुवांनी विचारलं.

“तिळभरसुद्धा नाही, बुवा!” हंबीरराव म्हणाला.

छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती. फुगणारच! उद्या पहाटे मठात त्याची दीक्षा. भगवी कफनी शिवून तयार. आणि ज्या मोटारीत घराण्याचा जीव अडकलेला, ती त्याने आपल्या हाताने मोडली होती.

मोटार पणजोबांची. पितळी दिव्यांची, रबरी भोंग्याची. बालाघाटाच्या त्या सगळ्या माळावर तसली दुसरी नव्हती. मठाच्या गाईंना वैरण आणायला ट्रॉली नाही म्हटल्यावर या पठ्ठ्याने मोटारीचा मागचा ॲक्सल चाकांसकट काढला, त्यावर लोखंडी सांगाडा बसवला, फळ्या ठोकल्या आणि ट्रॉली मठाच्या दारात आणून उभी केली.

सकाळपासून माणसं येऊन बघत होती. “काय माणूस आहे! सगळ्यावर पाणी सोडलं बघा,” म्हणत होती. हंबीरराव आपला काही संबंधच नाही असं तोंड करून लांब उभा होता, पण नेमका ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

बुवांनी ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली. मग काय केलं म्हणता? सत्तरी उलटलेला माणूस, सरळ मातीत पाठ टेकली आणि सरपटत ट्रॉलीखाली गेला!

“अहो बुवा! ग्रीस लागेल!”

खालून बोटांनी लोखंड ठोकल्याचा टकटक आवाज आला...

“हंबीर.”

“जी.”

“मधोमध हा लोखंडी भोपळा कसला रे?”

“त्यात गिअर असतात, बुवा. इंजिनाचा जोर चाकांना द्यायला.”

“ट्रॉलीला इंजिन आहे?”

“छे! हिला ट्रॅक्टर ओढणार.”

“मग आता भोपळ्यात काय आहे?”

“गिअरच आहेत. नुसते फिरतात बिचारे.”

“काढले नाहीस?”

“वेळच नाही मिळाला, बुवा.”

“तेल तर नवंकोरं घातलंयस. त्याला मिळाला वेळ?”

हंबीरराव फळीवरची नसलेली धूळ झटकायला लागला.

“बरं, ॲक्सल सांगाड्याला बोल्टने आवळलायस. आपल्याकडे सगळे वेल्डिंग मारतात. तुझ्याकडे तर मशीन आहे.”

“बोल्ट पण घट्ट बसतात, बुवा.”

“बसतात की. पण वेल्डिंग का नाही मारलंस?”

“वेल्डिंग मारलं तर...” हंबीरराव घाईघाईने बोलून गेला, “तर ॲक्सल मोटारीला परत कसा बसवणार?”

बोलला आणि जागच्या जागी थिजला.

हे तोंडातून गेलं कसं? देवाशपथ, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं! घरी छपराखाली उरलेली मोटार दगडांवर ठेवलेली. वर ताडपत्री. एकेक नट तेल लावून डब्यात, एकेक डब्यावर चिठ्ठी. आपल्या हाताला नीटनेटकेपणाचं वळणच आहे, असंच तो आजवर समजत आला होता. कानशिलं तापली. बघायला आलेल्या माणसांत कोणाकडे बघावं हेच त्याला कळेना.

बुवा खालून बाहेर आले. दाढीला ग्रीस, पाठीला माती. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि हंबीररावाला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

“आत्ता मारतो!” तो ओरडला. “तुमच्यासमोर मारतो वेल्डिंग!”

धावत जाऊन त्याने आपल्या जीपमधलं वेल्डिंगचं मशीन ओढत आणलं, वायर जोडली, हातात होल्डर धरला. आता मात्र हात असा थरथरत होता की कांडी लोखंडाला टेकेना.

बुवांनी मशीनचा खटका बंद केला.

“राहू दे. आता मारलंस तर ते माझ्या धाकाने चिकटेल.”

हंबीरराव मटकन खाली बसला. चाळिशीतला बाप्या, पोरासारखा रडायला लागला. गावाचा निरोप घेऊन झाला होता. आता कोणत्या तोंडाने परत जायचं?

“कफनी दुसऱ्या कोणाला द्या, बुवा... मी परतीची सोय करून आलोय. उद्याची दीक्षा आता...”

“आता काय?”

“आता कशी होणार?”

बुवा त्याच्याकडे बघतच राहिले. खरोखरच चकित झाल्यासारखे.

“अरे, वेल्डिंग झालेल्या माणसाला दीक्षा लागते कशाला? तू ये पहाटे... फक्त येताना पाना घेऊन ये. बोल्ट रोज आवळावे लागतात.”