चंपावलीचा हात आणि एकेरी तट

एका राज्यात नगराला माणसांचा तट होता. तटकरी खांद्याला खांदा लावून उभे राहत, तोही एकेरी. तोंड बाहेर, पाठ सैन्याकडे. सैन्याला पलीकडचे काही दिसत नसे. म्हणून येणाऱ्याच्या अंगावरच्या वाऱ्याची चव तटकरी जिभेने घेत आणि मागे हात करून सैनिकाचा तळवा दाबत. हलकेच दाबला की 'आपले', करकचून दाबला की 'वैरी'. एवढ्या खुणेवर तलवारी उठत आणि म्यान होत. असा रुबाब दुसऱ्या कुठल्या तटाचा ऐकलात काय?

खंदकापलीकडचे गवळी रोज लोण्याचे गोळे आणत. ते खाऊन तटकऱ्यांचे हात उबदार राहत. पण एका मांत्रिकाने राजा वज्रसेनाचे कान फुंकले. "महाराज, बाहेरचा तो वैरीच." राजाने गवळ्यांना हाकलले. तटाचे हात गारठले आणि त्यावर मांत्रिकाने शाप टाकला. गार हात कसाही दाबो, सैन्याला 'वैरी'च कळे. धान्य आणणारे गाडीवान कापले गेले. मग गार हातांनाच वैरी समजून तलवारी तटावर चालल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या, चंपावली तटकरणीच्या धाकट्या बहिणीच्या, सुवर्णीच्या खांद्यावर घाव बसला.

चंपावली ढसाढसा रडली, पण जागची हलली नाही. तेव्हा एक धनेश पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला आणि बोलला.

"तीन पाहुणे येतील. तिघांची खूण खरी पोचव, शाप तुटेल. एक चुकलीस तर बहीण गेली."

पहिला आला रत्ने ल्यालेला राजकुमार. वाऱ्याला मधाची गोडी, तळाशी मात्र कडूजहर. चंपावलीने हात करकचून दाबला. तलवारीचा घाव पडताच राजकुमाराचा अजगर झाला आणि मेला.

दुसरा आला धान्याचा गाडीवान. चंपावलीने तळवा काखेत धरून जेमतेम ऊब आणली आणि हलकेच दाबला. तिच्यामागच्या सैनिकाने तलवार म्यान केली, गाडी आत आली. पण हात पुन्हा गारठला.

तिसरी आली हाकललेली म्हातारी गवळण, हातावर लोण्याचा गोळा घेऊन. सगळ्या तलवारी उठल्या.

"खाऊ नकोस! विष असेल," राजा मागून ओरडला.

"महाराज, चव घेणे माझे काम. तलवार धरणे तुमच्या सैन्याचे."

तिने गवळणीच्या हातावरचे लोणी खाल्ले, सुवर्णीला भरवले, सुवर्णीने पुढच्याला. ऊब साऱ्या तटावरून फिरली आणि जिकडे तिकडे एकच हलकी खूण गेली. तलवारी म्यान झाल्या. सुवर्णीचा घाव भरून आला. मांत्रिक तटातून निसटू पाहत होता, तर प्रत्येक हाताने मागे करकचून खूण दिली. तलवारी त्याच्यावर चालल्या आणि त्याची राख झाली.

मग राजा मुकुट काढून चंपावलीच्या मागे सैनिकासारखा उभा राहिला. त्याने तळवा पुढे केला.

"माझी चव सांग."

चंपावलीने वळून पाहिले नाही. राजाच्या अंगावरून आलेला वारा जिभेवर बराच वेळ घोळवला.

तिने राजाचा तळवा हलकेच दाबला.