भाकर की भाकरी

“माझ्या दादाला कोणी मारलं?” असं विचारत सोमा नदीच्या दोन्ही काठांवर फिरला. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

त्या राज्यात यादवी होऊन गेली होती. अलीकडचे लोक भाकरी म्हणत, पलीकडचे भाकर. लढाईच्या दिवसांत दोन्हीकडच्या चौक्यांवर वाटसरूसमोर ताट धरून विचारत, “हे काय?” समोरच्या काठचा शब्द तोंडून निघाला की माणूस संपला. सोमाचा दादा पलीकडे बाजाराला गेला, तो आलाच नाही.

पुढे तह झाला. लढाईत बंधारा फुटला होता. तो बांधल्याशिवाय कुठल्याच काठाला पिकणार नव्हतं. राजाने हुकूम काढला, काम एकत्र करायचं आणि जेवायचंही एकाच पंगतीत. अलीकडच्या सोमाला वाढायला ठेवलं.

सुरुवातीला लोक मुकाट्याने जेवत. हवं ते बोटाने दाखवत. मग एकदा पलीकडचा एक म्हातारा म्हणाला, “सोमा, आमटीतली डाळ पोहायला गेली का रे?”

“बुडाली, आजोबा. तुमच्याच काठाला लागली असेल.”

सगळे हसले. त्या हसण्यात पलीकडची ठकूबाई बोलून गेली, “पोरा, अजून एक भाकर दे.”

सोमाचा हात थांबला. “इथं भाकरी म्हणतात,” तो म्हणाला. “नीट मागा, मग मिळेल.”

ठकूबाईने ताट सारलं. “तुमच्या चौकीवर माझ्या लेकालाही असंच सांगितलं होतं,” ती म्हणाली आणि उठली. तिच्यामागे पलीकडचे सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी दोन चुली पेटल्या. बंधाराही दोन टोकांनी वेगवेगळा वाढू लागला. मधलं खिंडार कोणी भरायचं, यावर रोज भांडणं. सोमा माफी मागायला गेला, तेव्हा ठकूबाई म्हणाली, “माझं राहू दे. या सगळ्यांना परत एकत्र कोण बसवणार?” तो खाली मान घालून परतला.

मग पूर आला. पाणी खिंडारातून घुसलं आणि दोन्ही टोकं घेऊन गेलं. कामावरची माणसंही गेली. पूर ओसरल्यावर चिखलात प्रेतं सापडली. कोण कुठल्या काठचं, ओळखू येईना. लोक लांब उभे राहून म्हणाले, “आमचं असेल तरच हात लावू.”

सोमाने एकट्याने लाकडं वाहिली. सगळ्यांची एकच चिता रचली आणि अग्नी दिला. पंगतीत ज्यांना वाढलं, त्यांच्यासाठी त्याने केलेलं ते शेवटचं काम. बंधारा पुन्हा कोणी बांधला नाही.

तात्पर्य: तुटलेला देश नुसत्या हुकमाने जोडला जात नाही. ज्याच्या हाती वाढायचं काम आहे, त्याने आपलं दुःख दुसऱ्याच्या ताटात वाढू नये.