मथुरा कासारणीचे दोन हात

बायांनो, वाण घ्यायला लगेच उठू नका. पोरांनो, तुम्हीही जरा पुढे सरका, दाराशी गर्दी नको. ज्या बाईच्या नावानं आपण हे वाण देतो तिची आठवण आधी काढायची आणि मग उंबरा ओलांडायचा, असा आपल्या आवळगव्हाणचा नेम आहे. नेम पाळायला तीळगुळाइतकाच वेळ लागतो.

फार वर्षं झाली. गावची शाळा तेव्हा महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. त्या काळी बांगड्या भरायला एक कासारीण यायची, मथुरा तिचं नाव. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर पत्र्याची पेटी. बांगडी भरायच्या आधी ती समोरचीचा हात आपल्या हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबायची. असं म्हणतात, की तिनं भरलेली बांगडी कधी कुणाच्या हातात रुतली नाही, आणि धुणं धुताना गळूनही पडली नाही. शिवाय मोजून भरल्यावर एक बांगडी ती वर घालायची, आशीर्वादाची.

पुढे एका वर्षी तिच्या पेटीत, बांगड्यांच्या खाली पुस्तकं निघाली.

पुस्तकं मुलांची होती. तालुक्याच्या बाजारात रद्दीवाल्याच्या दुकानापुढे बसून ती एकेक पान वाचायची. बांगडीला टिचकी मारून तडा आहे का बघतात ना, तसं ती पुस्तक बघायची. मग गावात येऊन मुलांचे हात दाबायची, दोन गोष्टी विचारायची आणि एकेका लेकराला दोन दोन पुस्तकं द्यायची. डाव्या हातात रचलेली गोष्ट, उजव्या हातात खरी माहिती. दोन्ही एकाच विषयाची. मुंग्यांमागे फिरणाऱ्या पोराला मुंगीच्या राणीची गोष्ट, आणि सोबत मुंग्या वारुळात काय करतात ते.

"एकाच हातात बांगड्या घालून कुणी लेक सासरी पाठवतं का?" असं ती म्हणायची.

झालं. गावाला शंका आली.

पोरांचे हात धरून ही डोळे का मिटते? ओठ का हलतात हिचे? पुस्तकाचं काही घेत नाही, मूठभर ज्वारीवर भागवते, ते का? आणि वाचून झालं की पुस्तक परत का नेते? "पोरांचं काय काय त्यात चिकटून जात असेल, कुणी सांगावं!" असं एक म्हातारी पाणवठ्यावर म्हणाली, आणि त्या दिवशी सगळ्या घागरी भरायला उशीर झाला.

गंमत बघा. अर्ध्या गावाला गोष्टीची भीती वाटायची, कारण ती खोटी. हरणं बोलतात, ढग रुसतात, असलं शिकून पोरं खोटारडी होतील. उरलेल्या गावाला माहितीची भीती वाटायची, कारण ती खरी. नागपंचमीला एका पोरानं सांगितलं, "आजी, नाग दूध पीत नाही, त्याला त्रास होतो." आता मीही नागोबाला पुजते आणि दूध चित्राला दाखवते, त्यात माझी पूजा काही उणी झाली नाही. पण तेव्हा ते ऐकणं जड गेलं असेल.

सगळ्यांत जास्त शंका आली ती गुरवाच्या भिवराबाईला. ती देवळातली. सोमवार, प्रदोष, चातुर्मास, एक नेम चुकवायची नाही. तिचा शब्द गावात चालायचा. तिची एक नात होती, वेणू. आईबाप नसलेली, आजीच्या जिवाचा तुकडा. ही पोर ओसरीवर बसून दिवसभर समोरच्या दिवटीच्या डोंगराकडे बघत राहायची.

मथुरेनं तिचे हात दाबले, बांगड्या भरल्या, वरची एक घातली आणि तिला दोन पुस्तकं दिली. एक डोंगराची गोष्ट. त्यात एक मुलगी डोंगराच्या पोटात जाते आणि कधीच न विझणारा दिवा मागून आणते. दुसरं डोंगराच्या माहितीचं. खडक कसे होतात, पाणी कुठे मुरतं, गुहेत काय असतं.

भिवराबाईनं नवऱ्याकडून, गुरवांकडून, दोन्ही थोडी थोडी वाचून घेतली. गोष्ट तिला आपल्या कहाण्यांसारखी वाटली, ती राहू दिली. पण दुसऱ्या पुस्तकात लिहिलं होतं, की डोंगर म्हणजे पृथ्वीच्या पोटातून आलेला तापलेला रस, थिजलेला.

"आपल्या दिवटीच्या डोंगराला रस म्हणते?" भिवराबाई म्हणाली. तिनं ते पुस्तक उचललं आणि ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. वेणूला म्हणाली, "कासारणीनं परत नेलं."

त्या वर्षी तेलाची टंचाई होती. देवाचा नंदादीप एकदा विझला, दुसऱ्यांदा विझला. आजीनं डोळ्यांना पदर लावला, आणि ते वेणूनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेणू घरात नव्हती. विहिरीत गळ टाकून झाला, मळे पालथे घातले. पोर नाही. नेमकी त्याच दिवशी मथुरा गावात आली होती. मग काय, शंकेला घर मिळालं.

"हिनंच पळवली!"

"हात दाबून ठेवला होता ना आधीच!"

तिच्या माळा ओढल्या, काचांचा सडा पडला. तिला धर्मशाळेच्या खोलीत कोंडलं आणि पेटी जाळायला चौकात आणली. मथुरा रडली नाही, भांडली नाही. खिडकीच्या गजांतून तिनं एकच विचारलं.

"काकू, पोरीपाशी दोन्ही पुस्तकं आहेत ना?"

भिवराबाई तडक घरी गेली, कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, पुस्तक काढलं आणि गुरवांपुढे धरलं. "अहो, गुहेचं काय लिहिलंय, तेवढं वाचा." गुरवांनी वाचलं. गुहेत एकट्यानं जाऊ नये. उजेड पोचतो त्याच्या पुढे जाऊ नये. गेलंच तर एका भिंतीला हात लावून जावं, आणि त्याच भिंतीनं परत यावं.

भिवराबाई तशीच धावत आली. धर्मशाळेची कडी तिनं स्वतः काढली.

"चल," एवढंच म्हणाली.

"गोष्टीनं पोर डोंगराच्या आत गेली असेल, काकू," मथुरा चालता चालता म्हणाली. "दुसऱ्यानं बाहेर आली असती. म्हणून दोन दिली होती."

भिवराबाई आणखी भरभर चालू लागली.

उन्हं उतरली तेव्हा दोघी डोंगराच्या कपारीशी पोचल्या. मागून गाव येत होतं, पण आत शिरायला कुणी तयार नव्हतं. भिवराबाईला तोंडाशी उभं करून मथुरा आत गेली. डावा हात भिंतीला, हातातल्या बांगड्या खडकावर घासत. किण, किण, किण. असं म्हणतात, की तो आवाज पाण्यासारखा पुढे वाहत गेला. एकेक बांगडी फुटत होती, तिच्या मनगटातून रक्त येत होतं, पण तिनं भिंत सोडली नाही. शेवटची बांगडी उरली तेव्हा ती थांबली आणि कान दिला.

आणि डोंगर आतून किणकिणला.

अगदी बारीक आवाज. वेणूच्या बाकीच्या बांगड्या अंधारात धडपडताना फुटल्या होत्या. वरची एक, आशीर्वादाची, तेवढी उरली होती. ती पोर खडकावर वाजवत बसली होती.

काही जण सांगतात, की परत येताना मथुरेच्या रक्ताचे थेंब भिंतीवर दिव्यांसारखे उजळले आणि त्या उजेडात दोघी बाहेर आल्या. मी काही ते पाहिलेलं नाही. पण मला ते खोटंही वाटत नाही.

वेणू आजीच्या कुशीत शिरली. गावानं सुस्कारा टाकला, आणि लगेच मागून कुणीतरी म्हणालं, "आधी हिनंच लपवली, मग हिनंच काढली. नाहीतर हिला कसं कळलं?"

माना डोलायला लागल्या. मथुरा नुसती उभी होती, रक्ताळल्या मनगटानं. भिवराबाई गप्प राहिली असती तर? कणगीतली गोष्ट घरातच राहिली असती. कासारणीला हाकललं असतं, पेटी जळली असती.

भिवराबाईनं वेणूला कुशीतून बाजूला केलं.

"तिनं दोन दिली होती," ती म्हणाली. "एक मी लपवलं. पोरीशी खोटं बोलले. शंका मला होती, तर ती मी तिला विचारायची होती. नाहीतर पोरीशेजारी बसून पुस्तक पुरतं ऐकायचं होतं. मी ते ज्वारीत पुरलं."

मग तिनं आपल्या हातातल्या जुन्या बांगड्या उतरवल्या. सगळ्या गावादेखत दोन्ही हात मथुरेपुढे केले. "मथुरे, पेटीत उरल्या असतील त्या बांगड्यांनी माझे हात भर."

त्या दिवशी गावातली एकही बाई मथुरेला आपला हात धरू देणार नव्हती. मथुरेनं भिवराबाईचा हात धरला. डोळे मिटले. ओठ हलले. भिवराबाईनं विचारलं, "बाई, तू पुटपुटतेस तरी काय गं?"

"माप, काकू," मथुरा म्हणाली. "मोठ्यानं म्हटलं तर बायका लाजतात."

आधी वेणू हसली, मग सगळा गाव.

पुढे कितीतरी वर्षं मथुरा येत राहिली. एका संक्रांतीला ती आली नाही. तिची पेटी मात्र सकाळी देवळाच्या ओसरीवर होती. कुणी आणून ठेवली, कुणाला दिसलं नाही. असं म्हणतात, की त्या पेटीतली सगळी पुस्तकं वाटून झाली तरी तळाशी एक उरतंच, आणि ते कुणी ठेवलेलं नसतं.

म्हणून आपल्या गावात संक्रांतीला कंगवे-करंडे वाण देत नाहीत. प्रत्येक लेकराचे हात दाबायचे, त्याला काय आवडतं ते विचारायचं. डाव्या हातात गोष्ट, उजव्या हातात माहिती. आणि वरचं एक पुस्तक मुलानं स्वतः निवडायचं, त्यात मोठ्यांनी बोट घालायचं नाही. दिवटीच्या डोंगराजवळून जाणारी सवाष्ण आजही कपारीच्या भिंतीला बांगड्या घासून पुढे जाते. आत कुणी असलंच, तर त्याला ऐकू यावं म्हणून.

मथुरेनं वेणूचे हात भरले, तसे साऱ्या गावच्या लेकरांचे भरोत. आता पदर पुढे करा. आणि जिच्या मनात या पुस्तकांची शंका असेल, तिनं सगळ्यांच्या आधी पुढे यावं. भिवराबाईच्या नावानं पहिलं पुस्तक तिलाच वाचायला देतात.