खेमाची टकटक

चपला तिकडं काढा, पावणं, आणि मग माळावर या. हा माळ देवाचा. ती दोन पोरं दिसतात ना, आकड्यासारख्या वळलेल्या काठ्या घेऊन? मध्ये लोकरीचा चेंडू आहे. तुम्ही याला हॉकी म्हणाल, आम्ही आकडी म्हणतो. आता बघा हं, खेळ सुरू व्हायच्या आधी दोघं एकमेकांची काठी मागून घेतील, तिच्यावर टकटक करतील, कान देऊन ऐकतील आणि मगच परत देतील. का ते मी सांगते. मी सोनाबाई, खेमाच्या घरातली सून. पलीकडच्या आळीत विचारलंत तर तिखटमीठ लावून सांगतील.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथं गाव नव्हतं, नुसती धनगरांची बिऱ्हाडं होती असं सांगतात. शेळ्यांसाठी बाभळीची फांदी खाली ओढायला प्रत्येकाकडं आकडी असायची. शेळ्या चरत असल्या की दिवसभर करायचं काय? कुणीतरी लोकर भिजवून, घट्ट वळून चेंडू केला, आकडी उलटी धरली आणि तो टोलवू लागला. पुढं जत्रेला दोन बाजू करून खेळ होऊ लागला. जिंकेल त्या बाजूच्या म्होरक्यानं देवाच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा, हा मान.

तो मान दरसाल बिराला. बिरानं बाभळीची जिवंत फांदी झाडावरच दोरीनं वाकवून बांधली होती आणि वळण पक्कं झाल्यावर तोडली होती. बाकीच्यांच्या काठ्या विस्तवावर शेकून वाकवलेल्या. चेंडू बिराच्या आकडीला चिकटूनच चालायचा म्हणे. दुसऱ्या बाजूचा म्होरक्या आमचा खेमा. अंगानं दणकट, पळायला चपळ, पण पालखी काही त्याच्या खांद्यावर येईना. आतल्या आत जळायचा. त्याला वाटायचं, सगळी करामत त्या काठीची.

एका जत्रेला तर खेमाच्या सख्ख्या आईनं बिराच्या आकडीला भंडारा लावला आणि चारचौघांत म्हणाली, “अशी काठी माझ्या लेकाच्या नशिबात कुठली!” घ्या! आईनं असं बोलावं? मी तर म्हणते, निम्मं पाप त्या म्हातारीचं.

खेळाआधी सगळ्या काठ्या देवापुढं ठेवून मंडळी ओढ्यावर आंघोळीला जायची. त्या दिवशी खेमा मागं राहिला. सुरीनं त्यानं बिराच्या आकडीला वळणापाशी खोल चीर पाडली, वर मेण भरलं आणि भंडारा चोळला. काही कळेना.

मंडळी परतली. बिरानं आपली काठी उचलली आणि सरळ खेमापुढं आला. “तुझी आई बोलली ते मी ऐकलं, गड्या. आज हिनं तू खेळ. तुझी मला दे.”

लोक वाहवा करू लागले. खेमाला नाही कसं म्हणता येईल?

खेळ लागला. जोरानं मारावं तर काठी मोडणार, म्हणून खेमा चेंडूला नुसता गोंजारत होता. त्याचीच माणसं ओरडायला लागली, “अरे मार की! हात गळाले का तुझे?” आणि तिकडं बिरा खेमाच्या त्या ओबडधोबड काठीनं खेळत होता, तर चेंडू तिलाही तसाच चिकटलेला. ते बघून खेमाच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे काठीत काहीच नव्हतं! त्यानं दात खाऊन असा तडाखा हाणला की आकडी वळणावर तुटून लांब उडाली.

बिरानं तुकडा उचलला. मेण त्याला दिसलं. खेमाकडं एकदा बघून तो लोकांना म्हणाला, “ही चीर जुनी आहे. मेण मीच भरलं होतं. माझ्या काठीनं दगा दिला, तेव्हा आजचा मान खेमाचा.”

पालखी खेमापुढं आली. जन्मभर जिच्यासाठी जळला, ती. त्यानं खांदा लावला आणि तसाच काढून घेतला.

“हेही तूच देणार होय रे?” खेमा ढसाढसा रडू लागला. “माझं म्हणून काही ठेवशील का नाही? चीर मी पाडली. ऐका सगळ्यांनी, मी पाडली! एवढी कबुली तरी माझी असू दे.”

मग त्यानं देवापुढं हात ठेवून शपथ घातली, की इथून पुढं वाजवून बघितल्याशिवाय कुणाच्या काठीनं खेळ व्हायचा नाही, आणि पहिली वाजवायची ती खेमाच्या घरची. चीर असली तर काठी बद्द वाजते, धड असली तर खणखणीत.

आजही पहिली आमचीच काठी वाजवतात. आमच्या पोराची मान खाली जाते, काय करणार! पालखीचा पहिला खांदा आजही बिराच्या घरचा, मग खेळ कुणीही जिंको. पण खेळ सुरू करताना पंच विचारतो ते, “खेमाची टकटक झाली का?” बिराचं नाव कुणी घेत नाही. त्यांच्या घरची बायजा परवा मला म्हणाली, “आमचा खापरपणजा एवढा चांगला वागला, त्याच्या नावाचं इथं काय आहे गं?” मी घरी आले आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.